पंचाहत्तर मुलांमागे एक माणूस

आईबाप गमावलेल्या किंवा पालक संकटात असलेल्या मुलांना बालगृहाऐवजी घरातच वाढवण्यासाठी महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिच्यात २०२१ पर्यंत एका मुलामागे कुटुंबाला महिन्याला ४२५ रुपये मिळत. त्या वर्षी रक्कम १,१०० झाली. २०२३ मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि रक्कम २,२५० वर गेली. दिवसाला १४ रुपये होते, ते ७५ झाले. ही वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे.

याच योजनेत आणखी एक आकडा आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मुलाच्या घरी जाणाऱ्या, शाळेत चौकशी करणाऱ्या, कागदपत्रे गोळा करून देणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला एका मुलामागे मिळणारे मासिक अनुदान. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहू.

२०२१ पूर्वी : कुटुंबाला ४२५, संस्थेला ७५. एकूण ५०० पैकी संस्थेचा वाटा १५ टक्के.
२०२१ पासून : कुटुंबाला १,१००, संस्थेला १२५. एकूण १,२२५ पैकी १० टक्के.
२०२३ पासून : कुटुंबाला २,२५०, संस्थेला २५०. एकूण २,५०० पैकी १० टक्के.

मुलाच्या पोटापाण्याचा पैसा पाचपटीहून जास्त वाढला, मुलापर्यंत जाणाऱ्या माणसाचा पैसा ३.३ पट. एकूण खर्चातला त्या माणसाचा वाटा घटला. नाशिक जिल्ह्यातल्या वणीसारख्या गावातून या योजनेकडे पाहिले, तर ही घट किती महागात पडते ते कळते. मूल दुसऱ्याच्या घरी राहायला जाते तेव्हा ते सुरक्षित आहे की नाही, हे बँकेत जमा झालेल्या रकमेवरून समजत नाही. त्यासाठी कुणीतरी त्या घरी जाऊन यावे लागते.

ही मुले कोण?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या बालगृहांची मोजणी करून घेतली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. ९,५८९ संस्था आणि त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुले, असे चित्र समोर आले. संस्थांच्या संख्येत तमिळनाडूच्या पाठोपाठ महाराष्ट्र होता. यापैकी अनाथ म्हणून नोंदलेली मुले होती ४१ हजारांच्या पुढे, म्हणजे साधारण ११ टक्के. आई किंवा वडील यांपैकी एक हयात असलेली मुले होती सुमारे १ लाख २० हजार, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. बालगृह म्हटले की अनाथ मुले डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तिथे एकट्या पडलेल्या आईची किंवा एकट्या बापाची मुले अनाथांच्या जवळपास तिप्पट आहेत. त्यांना घर होते, पण त्या घराला वेळेवर हात मिळाला नाही.

वणी परिसरात हा हात कुठे कमी पडतो, ते इथल्या कामाच्या हंगामावरून समजते. वणी दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंगी गडाच्या वाटेवर आहे. चैत्रात आणि नवरात्रात इथून भाविकांची रीघ लागते. एरवी याच रस्त्याने सुरगाणा, पेठ आणि कळवणकडचे मजूर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग, विरळणी आणि काढणी. आईबाप बागेत आणि मूल पाड्यावर आजीकडे, ही इथली नेहमीची व्यवस्था आहे. ती बहुतेक वेळा नीट चालते. बापाचा अपघाती मृत्यू होतो, आई पाट लावून दुसऱ्या गावी जाते किंवा आजी अंथरूण धरते, तेव्हा मात्र ती एका दिवसात मोडते. जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार आणि त्यात अनुसूचित जमातींचा वाटा चौथाईच्या वर. पश्चिम पट्ट्यातल्या तालुक्यांत हा वाटा आणखी मोठा आहे, आणि हंगामी स्थलांतरही तिथलेच.

व्यवस्था मोडल्यावर मूल कुठे जाते? मामाकडे, चुलत्याकडे, आश्रमशाळेत. कधी त्याहून वाईट ठिकाणीही. सप्टेंबर २०२२ मध्ये याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे इथल्या एका दहा वर्षांच्या कातकरी मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर उघड झाले की, काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात कातकरी कुटुंबांतली मुले शेजारच्या जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. श्रमजीवी संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि गुन्हे दाखल झाले.

या घटनेचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. ती मुलेही परक्या घरातच गेली होती. मूल देताना पैशांची देवाणघेवाणही झाली होती. पण त्या घराची आधी पारख झाली नाही, मुलाला कुणी विचारले नाही आणि नंतरही त्याला पाहायला कुणी गेले नाही. प्रतिपालकत्व, म्हणजे मूल कायद्याने दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणे, आणि वेठबिगारी यांच्यामधली भिंत या तीन गोष्टींनी उभी राहते, आणि तिन्ही गोष्टी समाजकार्यकर्त्याच्या कामाचा भाग आहेत.

२४ तास, १५ दिवस, ४ महिने

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. निराधार मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, ते बाल कल्याण समितीसमोर हजर करायचे असते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक महिला हवी. महिन्यात किमान २० दिवस समितीने बसले पाहिजे. मुलाची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश निघावा.

आदेशाचे पर्याय ठरलेले आहेत. मूल पालकांकडे परत देणे, नातलगांच्या घरी ठेवून आर्थिक मदत देणे, प्रतिपालक कुटुंबात ठेवणे, बालगृहात पाठवणे. प्रतिपालकत्वाचे नियम कलम ४४ मध्ये आहेत. कुटुंबाची निवड त्याची क्षमता, इच्छा आणि पूर्वानुभव पाहून करावी. भावंडांना शक्य तोवर एकत्र ठेवावे. आईवडील असमर्थ म्हणून मूल दुसरीकडे दिले असेल, तर मुलाच्या हिताला बाध येत नसेल तोवर त्यांना भेटू द्यावे. प्रतिपालक कुटुंबाची पाहणी दरमहा व्हावी.

कागदावर हे उत्तम आहे. आता वणीतून पाहू. नाशिक इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, आणि ज्या पाड्यावर मूल आहे तो वणीपासून आणखी आत. पोलीस ठाण्यातला हवालदार किंवा अंगणवाडी सेविका मुलाला घेऊन नाशिकला निघते, तेव्हा तिचा एक दिवस जातो आणि सोबत आलेल्या आजीचा एक रोज बुडतो. समितीने पुढची तारीख दिली की पुन्हा तेच. त्या १५ दिवसांत कार्यकर्त्याने पाड्यावर जायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, शाळेचे हजेरीपट पाहायचे, बागेत कामाला गेलेल्या मामाला संध्याकाळी गाठायचे आणि अहवाल लिहायचा असतो.

त्यात दाखले गोळा करणे हे वेगळेच काम. बालसंगोपनाच्या अर्जाला मुलाचे आणि सांभाळणाऱ्याचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, मृत पालकाचा मृत्यू दाखला लागतो, आणि घरासमोर उभे राहून काढलेला मुलाचा व पालकाचा फोटोही. सगळे अडते ते मृत्यू दाखल्यापाशी. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. मजुरीला गेलेला माणूस परगावी वारला, अंत्यविधी तिथेच किंवा घाईने पाड्यावर झाला, तर २१ दिवसांत ग्रामसेवकाकडे जायचे कुणाला सुचणार? आई हयात असून बेपत्ता असेल, तर तिच्या नसण्याचा कुठलाच दाखला मिळत नाही. अशा वेळी समितीला त्या मुलाची परिस्थिती पटवून देतो तो फक्त कार्यकर्त्याने घरी जाऊन लिहिलेला गृहचौकशी अहवाल.

७५ मुलांचा हिशेब

या कामाला माणसे किती? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा आकृतिबंध ठरलेला आहे. एक जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, दोन संरक्षण अधिकारी, एक विधी तथा परिविक्षा अधिकारी, एक समुपदेशक, दोन समाजकार्यकर्ते, दोन क्षेत्रीय कार्यकर्ते आणि कार्यालयीन कर्मचारी. म्हणजे प्रत्यक्ष गावोगाव फिरणारी माणसे चार. नाशिक जिल्ह्यात तालुके १५. एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ चार तालुके. समाजकार्यकर्त्याचे मासिक मानधन १८,५३६ रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याचे १०,५९२.

उरलेला भार स्वयंसेवी संस्थांवर, मुलामागे २५० रुपयांत. संस्थेने शासनाच्याच दराने, १८,५३६ रुपयांवर एक कार्यकर्ता नेमायचा म्हटले तर किती मुलांचे अनुदान लागेल? १८,५३६ भागिले २५० म्हणजे ७४ हून थोडे अधिक. धरा ७५ मुले. ७५ मुलांचे अनुदान १८,७५० रुपये होते. पगार दिल्यावर संस्थेच्या हातात उरतात २१४ रुपये, आणि त्यात महिनाभराचे पेट्रोल, झेरॉक्स, फोन सगळे भागवायचे.

महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर दिवसाला तीन घरे होतात. पण त्यांतले काही दिवस समितीपुढे जातात, काही शाळांत, काही तहसीलात दाखल्यांसाठी, काही अहवाल लिहिण्यात. निम्मे दिवस उरले तर दिवसाला सहा घरे. दिंडोरी, सुरगाण्याच्या डोंगरी पाड्यांवर एका दिवसात सहा घरांना भेट देणे शक्य नाही. मग भेट फोनवर होते किंवा सहीपुरती उरते. यात कार्यकर्त्याचा दोष नाही, गणितच तसे मांडलेले आहे.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहा. तिथे मार्च २०२४ अखेर सुमारे ८३,६०० मुले शासनाच्या देखभालीखाली होती आणि त्यांतली ६७ टक्के प्रतिपालक कुटुंबांत. बालकांसाठी काम करणाऱ्या एका समाजकार्यकर्त्याकडे २०२३ मध्ये सरासरी सुमारे १६ प्रकरणे होती, आणि तेवढीही जास्त आहेत अशी तक्रार तिथे कायम असते. आपली आर्थिक परिस्थिती वेगळी हे मान्य. पण १६ आणि ७५ या आकड्यांतले अंतर केवळ पैशाचे नाही. मुलाकडे जाणे हे मुख्य काम आहे की जोडकाम, यावरचे मतच तिथे आणि इथे वेगळे आहे.

एका भेटीत काय पाहायचे?

भेट म्हणजे चहा घेऊन रजिस्टरवर अंगठा घेणे नव्हे. चांगला कार्यकर्ता घरात शिरल्यावर काही ठरावीक गोष्टी पाहतो. मुलाचे अंथरूण कुठे आहे? घरच्या मुलांच्या शेजारी की पडवीत? दप्तर कुठे टांगले आहे? जेवायला सगळ्यांबरोबर बसते की मागून? शाळेत शनिवारची हजेरी कशी आहे? घरची मुले शाळेत आणि हे मूल बागेत, असे तर होत नाही ना? छाटणीच्या किंवा काढणीच्या आठवड्यात सलग गैरहजेरी दिसली, तर त्याचा अर्थ घरात न विचारताही कळतो.

मुलाशी एकट्याने बोलणे हा भेटीचा सगळ्यात नाजूक भाग. मामीसमोर विचारले तर मूल मान डोलावून सगळे बरे आहे असेच सांगणार. विहिरीपर्यंत किंवा शाळेपर्यंत त्याच्याबरोबर चालत जावे लागते. कोकणा या आदिवासी जमातीतले मूल घरी कोकणा बोली बोलते. त्याला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले तर उत्तरे एका शब्दाची येतात. त्याची बोली येणारा कार्यकर्ता असेल तर पहिल्या नाही, तरी तिसऱ्या भेटीत ते बोलू लागते. नवे घर निवडतानाही बोली, जेवण, सणवार आणि शाळेचे अंतर जुळते का हे पाहावे लागते. आईबाप गमावलेल्या मुलाला भाषाही गमवायला लावणे हा दुसरा आघात असतो.

घर सोडताना मूल गोंधळते, रागावते, अंथरूण ओले करते, खाणे टाकते. सांभाळणाऱ्या बाईला हा कृतघ्नपणा वाटू शकतो. हे दुःख आहे, उद्धटपणा नाही, असे तिला कुणी वेळेवर समजावले तर घर टिकते. पहिल्या तीन महिन्यांतल्या भेटी म्हणूनच मोलाच्या.

आश्रमशाळेतल्या मुलांची वेगळी नोंद घ्यायला हवी. या भागात छत्र हरपलेल्या अनेक मुलांचा सांभाळ प्रत्यक्षात आश्रमशाळा करतात. शाळेच्या हिशेबात ते मूल विद्यार्थी असते, बाल संरक्षणाच्या यादीत त्याचे नाव नसते. दिवाळीची सुट्टी लागली, मे महिना आला की ते कुठे जाते, कुणाकडे राहते, हे विचारण्याची जबाबदारी कुणाकडेच नाही.

घराने काय फरक पडतो?

रोमेनियाच्या बुखारेस्ट शहरात २००० नंतर एक काळजीपूर्वक अभ्यास झाला. संस्थांत राहणारी ६ ते ३१ महिने वयाची १३६ मुले निवडली गेली. त्यांतली निम्मी, म्हणजे ६८, चिठ्ठ्या टाकून प्रतिपालक कुटुंबांत दिली गेली आणि उरलेली संस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांचे बुद्ध्यंक तपासले. संस्थेतल्या मुलांची सरासरी ७३, कुटुंबात गेलेल्यांची ८१, आणि जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्या मुलांची १०९. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांत फायदा सगळ्यात ठळक होता.

या तीन आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. कुटुंब मिळाल्याने फरक पडतो. आणि स्वतःचे घर टिकले तर त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो. त्या प्रतिपालक कुटुंबांना कार्यकर्त्यांची नियमित साथ होती, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८७४ मध्ये काशीबाई या विधवेला आसरा दिला आणि तिचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. क्रम पाहा : आधी आईला आधार, मग मुलाला. आज सावित्रीबाईंच्या नावाने चालणाऱ्या योजनेत विधवा, परित्यक्ता आणि दुर्धर आजाराने ग्रासलेल्या पालकांची मुलेही येतात, हे त्याच वाटेने जाणारे आहे.

खऱ्या अर्थाने परक्या कुटुंबात मूल ठेवण्याचे प्रमाण मात्र अजून नगण्य आहे. मार्च २०२४ च्या केंद्राच्या माहितीनुसार २३ राज्यांत मिळून १,६५३ मुले प्रतिपालक कुटुंबांत होती. २०१८ च्या बालगृहांतल्या ३ लाख ७० हजारांशी ताडून पाहिले, वर्षे वेगळी आहेत हे धरूनही, तर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत भरते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी वाट रुंद केली आहे. ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही आता प्रतिपालक होऊ शकते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी सांभाळू शकते, एकटा पुरुष फक्त मुलगा. सांभाळलेल्या मुलाला दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे, आता दोन. मिशन वात्सल्यखाली प्रतिपालकत्वासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. सहा वर्षांवरच्या मुलांना दत्तक पालक क्वचित मिळतात. त्यांच्यासाठी ही वाट फार मोलाची आहे. पण वाट रुंद झाली की तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसेही वाढायला हवीत.

हिशेब बदलता येतो

समजा, आदिवासी तालुक्यांसाठी एका कार्यकर्त्याकडे ७५ ऐवजी २५ मुले दिली. १८,५३६ भागिले २५ म्हणजे मुलामागे महिन्याला ७४१ रुपये. त्यात कुटुंबाचे २,२५० मिळवा. बेरीज २,९९१. मिशन वात्सल्यमध्ये बालगृहातल्या एका मुलाच्या पालनपोषणासाठी दिले जाणारे अनुदान महिन्याला ३,००० रुपये आहे आणि त्यात कर्मचाऱ्यांचे पगार व इमारत धरलेली नाही. प्रवासखर्च धरून दोनशे रुपये वाढले, तरी नीट देखरेखीखाली घरात वाढणारे मूल शासनाला बालगृहापेक्षा महाग पडत नाही.

त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागतील. कार्यकर्त्याचे वेतन मुलांच्या संख्येपासून सोडवून स्वतंत्र द्यावे. नाव काढून टाकल्याने पगार घटणार असेल तर मूल आईकडे परत पाठवण्याची घाई कोण करील? दुसरे, लाभार्थींच्या संख्येबरोबर तालुकानिहाय भेटींची संख्याही दर महिन्याला जाहीर व्हावी. तिसरे, आश्रमशाळांनी सुट्टीच्या आधी छत्र हरपलेल्या मुलांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्यावी. चौथे काम गावाच्या हातातले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून दाखल्यांचा आणि नाशिकच्या फेऱ्यांचा खर्च भागू शकतो. गावपातळीवर बाल संरक्षण समिती असते, तिच्यात सरपंच आणि अंगणवाडी सेविका असतात. मृत्यू झाल्यावर २१ दिवसांत नोंद होते की नाही, एवढे जरी तिने पाहिले तरी कितीतरी मुलांची वर्षे वाचतील. कुठे मूल अडचणीत दिसले तर मुलांसाठीच्या मदतसेवेचा १०९८ हा क्रमांक कुणीही फिरवू शकतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही सेवा आज देशभर आहे.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. वणीत, दिंडोरी तालुक्यातल्या प्रत्येक गावात, सुरगाण्या-पेठेच्या प्रत्येक ग्रुप ग्रामपंचायतीत एवढाच प्रश्न चारही वेळा विचारला जावा : आपल्या गावात आईबापांवाचून राहणारी मुले किती, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यांतल्या किती जणांच्या घरी कुणी जाऊन आले? हे दोन आकडे इतिवृत्तात लिहून घ्यावेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असेल, तर पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय तोच असला पाहिजे.